क्लचमध्ये उतरलेलं तेल

जुन्या फर्ग्युसन किंवा मॅसी ट्रॅक्टरच्या पोटाखाली, इंजिन जिथे संपतं आणि गिअरबॉक्स सुरू होतो त्या बिडाच्या कवचाच्या तळाला, एक लहानसं भोक असतं. त्या भोकात एक स्प्लिट पिन सैल अडकवलेली असते. ट्रॅक्टर चालू असला की इंजिनाच्या हादऱ्याने ती सतत हलते आणि भोकात चिखल बसू देत नाही. पाहणाऱ्याला ती चुकून राहिल्यासारखी वाटते, पण ती कारखान्यातूनच तशी आलेली असते. इंजिनाचं किंवा गिअरबॉक्सचं तेल कधी क्लचच्या खोलीत उतरलंच, तर साचून प्लेट भिजवण्याआधी ते खाली गळावं आणि मालकाच्या नजरेस पडावं, यासाठी केलेली ही सोय आहे. ट्रॅक्टर घडवणाऱ्यांनी पहिल्या दिवशीच गृहीत धरलं होतं की हे यंत्र म्हातारं होणार, त्याच्या सीलमधून तेल झिरपणार आणि तेव्हा कुणीतरी ते खोलून नीट करणार.

नगर जिल्ह्यातल्या पारनेरसारख्या तालुक्यात हे नीट करण्याचं काम रस्त्याकडेच्या गॅरेजांत, पत्र्याच्या शेडखाली चालतं. वरवर पाहिलं तर तळहातावर मावणारं एक सील बदलायचं असतं. पण त्या सीलपर्यंत पोचायला ट्रॅक्टरचे मधोमध दोन भाग करावे लागतात, आणि तिथे पोचल्यावर खरा प्रश्न समोर येतो: सील गेलं कशाने? या प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्या मिस्त्रीने जोडलेला ट्रॅक्टर वर्षानुवर्षं कोरडा राहतो. नुसतं सील बदलून दिलेला ट्रॅक्टर पुढच्याच हंगामात पुन्हा गॅरेजच्या दारात उभा राहतो. कारण शोधण्याची ही विद्या आपल्या ग्रामीण भागातल्या सर्वांत मोलाच्या आणि सर्वांत कमी नोंदल्या गेलेल्या कौशल्यांपैकी एक आहे.

पठारावरची शेती आणि क्लच

पारनेर हे सेनापती बापटांचं जन्मगाव. उत्तरेकडे मुळा आणि दक्षिणेकडे कुकडी-घोड यांच्या मधल्या उंच पट्ट्यात हा तालुका वसलेला आहे. पाऊस बेभरवशाचा, बऱ्याच ठिकाणी जमीन उथळ आणि मुरमाड. कान्हूर पठाराचा वाटाणा, रब्बीची ज्वारी, बाजरी, मूग आणि अलीकडे सगळीकडे दिसणारा कांदा ही इथली पिकं. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर पाणलोटाचं काम उभं राहिलं आणि बांधबंदिस्तीने काय साधतं ते साऱ्या देशाने पाहिलं. निघोज-अळकुटीच्या बाजूला कुकडीच्या पाण्याने शेतीचा तोंडवळा बदलला.

अशा शेतीत क्लचला विसावा नसतो. जमीन उताराची, म्हणून बांध आणि ताली जवळजवळ. तास लांब चालत नाही. बांधाशी आलं की क्लच दाबा, नांगर उचला, वळा, नांगर टेकवा, क्लच सोडा, आणि थोड्या अंतरावर पुन्हा तेच. हंगाम संपला की तोच ट्रॅक्टर ट्रॉलीला जुंपला जातो. कांद्याच्या गोण्यांनी भरलेली ट्रॉली पठाराच्या चढावर निघते आणि टंचाईच्या वर्षी पाण्याचा टँकर मागे लागतो. चढावर थांबलेला भरला ट्रॅक्टर पुन्हा उचलताना सगळा भार क्लचच्या प्लेटीवर येतो. म्हणूनच प्लेटीला तेल लागलंय हे शेतात कळण्याआधी चढावर कळतं. इंजिन जोरात ओरडतं, धूर वाढतो, पण चाकांना तेवढा जोर पोचत नाही. ड्रायव्हर सांगतो, ‘क्लच स्लिप मारतोय.’

असं का होतं ते घर्षणाच्या हिशेबात आहे. क्लच प्लेटीवरचं अस्तर आणि फ्लायव्हीलचं बीड कोरडं असताना त्यांच्यातला घर्षणांक साधारण ०.३ ते ०.४ असतो. मध्ये तेलाचा थर आला की तो ०.१ च्या आसपास घसरतो. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा तेवढ्याच जोराने दाबत असतात, पण त्या दाबातून मिळणारी पकड तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येते. घसरलेली प्लेट तापते, तापल्याने तेल जळतं, जळलेल्या तेलाचा चिकट, काचेसारखा गुळगुळीत थर अस्तरावर चढतो. मग कधी ती घसरते, तर कधी झटक्याने पकडते आणि सगळा ट्रॅक्टर थरथरतो. या धक्क्यांचा मार पुढे गिअरच्या दातांवर बसतो. थेंबाने सुरू झालेलं दुखणं असं गिअरबॉक्सपर्यंत जातं.

कांदिवलीचा बी-२७५ आणि त्याची भावंडं

भारतात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर आयशरने १९५९ साली फरिदाबादला बाहेर काढला. त्यानंतरच्या दीड दशकात देशात एकामागून एक कारखाने उभे राहिले. १९६० साली मद्रासमध्ये टॅफे स्थापन झाली आणि मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर इथे बनू लागले. पिंजोरला एचएमटीने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचा ट्रॅक्टर हाती घेतला. पंजाबात १९७४ साली स्वराज आला.

महाराष्ट्राच्या वाट्याचा अध्याय मुंबईतल्या कांदिवलीत घडला. महिंद्र अँड महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली. १९६५ साली कांदिवलीच्या कारखान्यातून बी-२७५ बाहेर पडला. त्याची मूळ रचना इंटरनॅशनलच्या इंग्लंडमधल्या डॉनकास्टर कारखान्याची होती: चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, ताकद ३५ अश्वशक्तीच्या घरात, पुढचे आठ आणि मागचे दोन गिअर. १९७७ साली ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. रचना मात्र पुढेही चालत राहिली आणि सुधारत गेली. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत बैलांच्या दावणीशेजारी उभा राहिलेला पहिला ट्रॅक्टर याच लाल घराण्यातला होता.

बी-२७५ काय किंवा मॅसी काय, या पिढीची यंत्रं इंग्लंडच्या इंचांत घडली होती. त्यांचे नट-बोल्ट मिलिमीटरच्या पान्यांना नीट बसत नाहीत. जुन्या मिस्त्रीच्या पेटीत म्हणूनच अर्धा, नऊ-सोळांश, पाऊण अशा इंची पान्यांचा वेगळा संच असतो आणि तो सहसा कुणाला उसना दिला जात नाही. चुकीच्या पान्याने एकदा बोल्टाचं डोकं गोल झालं की अर्धा दिवस त्यातच जातो.

या ट्रॅक्टरांना मोटारीसारखी चासी नसते. इंजिनाचा ब्लॉक, क्लचचं कवच, गिअरबॉक्स आणि मागच्या धुऱ्याचं कवच हे बिडाचे ओतीव भाग पाठीच्या मणक्यांसारखे एकमेकांना बोल्टांनी जोडलेले असतात आणि तेच यंत्राचा भार वाहतात. हेन्री फोर्डच्या १९१७ च्या फोर्डसनने ही पद्धत जगभर रुजवली. हॅरी फर्ग्युसनच्या टीई-२० ने ती आणखी सुटसुटीत केली. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनले. या रचनेने लोखंड वाचलं, किंमत उतरली, ट्रॅक्टर हलका झाला. बदल्यात एक अट आली: क्लचला हात लावायचा तर सगळा ट्रॅक्टर मधून खोलावा लागतो. म्हणूनच क्लचमधल्या तेलाचं निदान आधी बाहेरून, पक्कं व्हायला हवं.

आधी तेल ओळखा

क्लचची खोली दोन तेलांच्या मध्ये सापडलेली असते. पुढच्या भिंतीपलीकडे इंजिनाचं तेल, मागच्या भिंतीपलीकडे गिअरबॉक्सचं. पुढच्या भिंतीतून क्रँकशाफ्टचं टोक आत येतं आणि त्यावर फ्लायव्हील बसतं. मागच्या भिंतीतून गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट येतो आणि क्लच प्लेट त्याच्या खाचांवर सरकते. फिरता शाफ्ट भिंतीतून जातो त्या प्रत्येक ठिकाणी तेल अडवायला सील लागतं. गळणारं तेल यांपैकी कुठल्या बाजूचं, हे ठरवणं म्हणजे निम्मं काम.

रंग आणि वास हे पहिले साक्षीदार. डिझेल इंजिनाचं तेल काजळीमुळे बदलल्यापासून थोड्याच तासांत काळं होतं, पातळ असतं, बोटावर चोळलं तर बोट काळं करतं. गिअरबॉक्सचं नव्वद नंबरचं तेल दाट, मधाळ किंवा तपकिरी रंगाचं असतं आणि त्यातल्या गंधकाच्या घटकांमुळे त्याला एक उग्र वास येतो. जाणता मिस्त्री भोकाखालचा थेंब दोन बोटांत धरतो, चोळतो, हुंगतो. मग दोन्हीकडची पातळी पाहतो. इंजिनाची डिपस्टिक खाली गेली आहे की गिअरबॉक्सची? मॅसीसारख्या ट्रॅक्टरांत गिअर आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं, तेव्हा तिथे हेही विचारावं लागतं की हायड्रॉलिकमध्ये अलीकडे तेल वरचेवर घालावं लागलं का.

दुसरी खूण वेळेची. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरखाली डाग पडत असेल तर तेल आपल्या वजनाने खाली येतंय. इंजिन चालू असतानाच थेंब पडत असतील तर आतला दाब किंवा फिरता शाफ्ट त्याला ढकलतोय. नाक खाली करून उतारावर उभा केलेला ट्रॅक्टर गिअरबॉक्सचं तेल पुढच्या सीलवर लोटतो. मालक ट्रॅक्टर रोज कुठे आणि कसा लावतो, हे विचारणाऱ्याला बरंच आधीच कळतं.

तिसरी काळजी सर्वांत साधी, म्हणून सर्वांत जास्त चुकवली जाते. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, फिल्टरचा सांधा, डिझेलची परतीची नळी किंवा तेलाच्या दाबाच्या गेजची नळी यांतून गळणारं तेल ब्लॉकवरून ओघळत मागे येतं आणि कवचाच्या सांध्याशी जमून खाली टपकतं. बघणाऱ्याला वाटतं, क्लचमधूनच येतंय. म्हणून आधी सगळं इंजिन रॉकेलने आणि ब्रशने स्वच्छ धुवायचं, फडक्याने कोरडं करायचं, ट्रॅक्टर थोडा वेळ चालवायचा आणि मग बॅटरी घेऊन ओल कुठून सुरू होते ते पाहायचं. वरचं पॅकिंग बदलून भागणार असेल तर ट्रॅक्टर खोलायची वेळच येत नाही. आणि मालकाला तसं सांगणारा मिस्त्री आपल्या मोठ्या मजुरीवर पाणी सोडतो, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

ट्रॅक्टर मधून खोलताना

निदान पक्कं झालं की जागेची तयारी. जमीन सपाट आणि टणक हवी, मुरमावर जॅक रुततो. बॅटरीची वायर काढायची, बॉनेट उतरवायचं, डिझेल बंद करून नळ्या सोडायच्या. वायरिंग, ॲक्सिलरेटरचा रॉड, स्टिअरिंगचे दांडे, जिथे असतील तिथे हायड्रॉलिकच्या नळ्या, सायलेन्सर हे सगळं क्रमाने सुटं करायचं. सुटलेला प्रत्येक बोल्ट ज्या भोकातला त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवणारे मिस्त्री असतात. लांब बोल्ट कुठला आणि आखूड कुठला हे शोधण्यात त्यांचा वेळ कधी जात नाही.

मग सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट येते: पाचरी. ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल मधल्या एका पिनवर झुलता असतो, म्हणजे खडबडीत जमिनीवर चारही चाकं टेकतात. पण ट्रॅक्टर मधून सुटला की हाच झुलता ॲक्सल इंजिनाला एका अंगावर लोळवू शकतो. त्यामुळे ॲक्सल आणि त्याच्या बैठकीमध्ये दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पाचरी घट्ट ठोकल्याशिवाय मधला एकही बोल्ट सैल करायचा नाही. मागच्या चाकांना दगड, गिअरबॉक्सखाली भक्कम घोडी किंवा ठोकळे, इंजिनाखाली चाकांचा जॅक किंवा वरून चेनपुली. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली शिरू नये. हे नियम पुस्तकात असले तरी चिरडलेल्या बोटांच्या आणि हातापायांच्या आठवणीतून ते गॅरेजांत पिढ्यानपिढ्या सांगितले गेले आहेत.

एक अर्धा जागेवर ठेवून दुसरा सरळ रेषेत मागे किंवा पुढे न्यायचा. इनपुट शाफ्ट प्लेटच्या खाचांतून पूर्ण बाहेर येईपर्यंत दोन्ही भाग एका पातळीत राहिले पाहिजेत. घाई करून इंजिनाचा भार त्या शाफ्टवर लटकू दिला तर प्लेटीचा मधला भाग वाकतो, आणि नवी प्लेट असली तरी क्लच पुढे कधीच नीट सुटत नाही. काही जण दोन बोल्टांची डोकी कापून त्यांचे लांब मार्गदर्शक खुंट करून ठेवतात. ते बसवले की दोन्ही भाग सरळच सरकतात, आणि पुन्हा जोडतानाही तेच उपयोगी पडतात.

उघडल्यावर लगेच हवेच्या नळीने धूळ उडवायची नाही, याला दोन कारणं आहेत. जुन्या क्लच प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. ती ओल्या फडक्याने पुसून काढावी, तोंडाला नीट मास्क लावावा. दुसरं कारण असं की त्या धुळीतच गळतीचा पुरावा असतो.

फ्लायव्हीलची इंजिनाकडची बाजू मधून बाहेर फेकल्यासारख्या रेषांनी ओली असेल तर क्रँकचं मागचं सील गेलेलं आहे. फिरणाऱ्या चाकाने तेल मध्यापासून कडेकडे फेकलं, त्याचा तो नकाशा असतो. फ्लायव्हीलची मागची बाजू कोरडी, पण रिलीज बेरिंगची नळी आणि तिच्याखालची भिंत ओली असेल तर तेल गिअरबॉक्सचं. भिंतीवर क्रँकच्या वर किंवा बाजूला ओघळ सुरू झालेला दिसला तर कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाला ठोकून बसवलेली पत्र्याची चकती सैल झालेली असू शकते. इंजिनाच्या तळाची ऑईल पॅन आणि तिचं पॅकिंगही तपासावं लागतं. आणि कधी कधी प्लेटवर दिसतं ते तेल नसतंच. फ्लायव्हीलच्या मध्यात बसलेल्या पायलट बेरिंगला मागच्या वेळी कुणी ओंजळभर ग्रीस भरलेलं असतं, ते तापून वितळलेलं असतं. बेरिंगला बोटभर ग्रीस पुरतं, उरलेलं सगळं प्लेटीवरच जातं.

मॅसीच्या ज्या मॉडेलांत दुहेरी क्लच असतो, त्यात पीटीओचा, म्हणजे मागच्या अवजाराला फिरती ताकद देणारा, शाफ्ट पोकळ असतो आणि इनपुट शाफ्ट त्याच्या आतून जातो. त्यामुळे गिअरबॉक्सच्या तेलाला दोन वाटा मिळतात: पोकळ शाफ्टच्या बाहेरून आणि दोन शाफ्टांच्या मधून. बाहेरचं सील बदलून आतलं तसंच ठेवलं तर मेहनत वाया जाते. हाताशी शाफ्ट उघडा असेपर्यंत सगळी सीलं एकदम बदलावीत, हा अशा वेळचा शहाणपणा आहे. सीलचा खर्च थोडा असतो, ट्रॅक्टर खोलण्याचा मोठा.

सील, दोरी आणि शाफ्टवरची चर

फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारं ओठाचं सील सुरुवातीला चामड्याचं असायचं. पुढे नायट्राइल रबर आलं. लोखंडी कडं, आत रबरी ओठ आणि ओठाला शाफ्टवर हलका दाब देणारी गोल स्प्रिंग एवढीच त्याची रचना. स्प्रिंगची बाजू नेहमी तेलाकडे येते. ओठ आणि शाफ्ट यांच्यात तेलाचा अतिशय पातळ थर राहतो. तो थर ओठाला जगवतो, म्हणून नवं सील कोरडं बसवायचं नसतं. ओठाला आधी तेल लावतात. शाफ्टच्या खाचांवरून सील सरकवताना त्या धारदार कडांनी ओठ चिरू नये म्हणून खाचांवर टेप किंवा पातळ प्लॅस्टिक गुंडाळतात. सील बसवताना एका कडेवर हातोडी न मारता योग्य मापाच्या नळीने किंवा लाकडी ठोकळ्याने सगळीकडून सारखं दाबतात.

पर्किन्सच्या जुन्या तीन सिलिंडर इंजिनांत, म्हणजे मॅसी ३५ च्या काळातल्या इंजिनांत, क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सीलऐवजी दोरीचं सील असे. दोन अर्धगोल कवचांत विणलेली, ग्रॅफाइट लावलेली दोरी बसवतात. ही दोरी बसवणं हाताचं काम आहे. ती आधी तेलात मुरवावी लागते. मग मध्यापासून टोकांकडे, गुळगुळीत दांड्याने दाबत चरीत बसवतात. टोकं अगदी कडेला कापून चालत नाही. ती किंचित बाहेर ठेवतात, म्हणजे दोन अर्धी कवचं मिळाल्यावर टोकं एकमेकांवर दाबली जातात. फार बाहेर ठेवली तर कवचं नीट मिळत नाहीत, आणि सांध्यातूनच गळती सुरू होते. ‘किंचित’ म्हणजे किती हे ज्याच्या बोटांना कळतं, त्याने बसवलेल्या दोरीतून थेंब येत नाही.

मग शाफ्ट. वर्षानुवर्षं एकाच जागी घासून सीलचा ओठ पोलादातही चर पाडतो. बोटाचं नख शाफ्टवरून फिरवलं की ती जाणवते. नवं सील त्याच चरीत आलं तर पहिल्या दिवसापासून गळतं. यावर तीन उपाय आहेत. चर बारीक असेल तर बारीक पॉलिश कागद शाफ्टभोवती गोल फिरवून शाफ्ट गुळगुळीत करायचा, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने मात्र कधीच घासायचं नाही. जागा असेल तर नवं सील थोडं आत किंवा बाहेर बसवायचं, म्हणजे ओठ ताज्या पोलादावर येतो. चर खोल असेल तर शाफ्टवर पोलादाची अतिशय पातळ बाही चढवायची, किंवा लेथवाल्याकडे भरणा करून पुन्हा मापात उतरवायचा. चांगला लेथवाला हा या सगळ्या कामातला न दिसणारा भागीदार आहे. नगर आणि सुप्याच्या औद्योगिक वसाहतींमुळे असे हात पारनेरकरांच्या आवाक्यात आहेत, ही या तालुक्याची जमेची बाजू.

सील गेलं कशाने

इथवर काम नीट झालं तरी ते अर्धंच असतं. सील गेलं याची कारणं बहुतेकदा सीलच्या बाहेर असतात.

पहिलं कारण बेरिंगची ढिलाई. क्रँकची मागची मेन बेरिंग किंवा इनपुट शाफ्टची बेरिंग झिजली की शाफ्ट फिरताना मध्यापासून डुलतो. ओठ एका बाजूला दाबला जातो, दुसऱ्या बाजूला उघडा पडतो. असा शाफ्ट कितीही चांगलं सील थोड्याच दिवसांत मारतो. म्हणून मिस्त्री शाफ्ट धरून वर-खाली, मागे-पुढे हलवतो आणि डायल असेल तर डायल लावून मोजतो.

दुसरं कारण इंजिनाच्या पोटातला दाब. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळालेल्या वायूचा काही भाग खाली उतरतो. तो बाहेर पडायला ब्रीदर दिलेला असतो. ब्रीदर धुळीने, तेलाच्या चिकट्याने बुजला तर दाब वाढतो आणि तेल सर्वांत नाजूक वाटेने, म्हणजे मागच्या सीलमधून, बाहेर येतं. पारनेरच्या उन्हाळ्यात, नांगरटीच्या धुळीत ब्रीदर बुजणं नवलाचं नाही. इंजिन चालू असताना तेल भरायचं झाकण उघडून पाहिलं आणि वाफ जोराने येत राहिली तर दुखणं रिंगांत आहे. तेव्हा सील बदलण्याआधी मालकाशी इंजिनाच्या कामाविषयी स्पष्ट बोलायला हवं. गिअरबॉक्सलाही ब्रीदर असतो आणि चिखलाने तोही बंद होतो. दिवसभर नांगरट करून तापलेल्या बंद गिअरबॉक्समध्ये हवा फुगते आणि तेल पुढे ढकलते.

तिसरं कारण जास्तीचं तेल. ‘तेल जास्त असलेलं बरं’ या समजुतीने पातळीच्या वर तेल भरलं की सीलवर नको तेवढा भार पडतो. चौथं, दोन कवचांच्या सांध्यातला वाकडेपणा. मागे कुणी घाईने जोडताना बोल्टांनीच ओढून भाग मिळवलेले असतात, सांध्यात मातीचा कण राहिलेला असतो. मग गिअरबॉक्स आणि इंजिन एका रेषेत राहत नाहीत, आणि सील, बेरिंग, प्लेट सगळी एकाच वेळी मार खातात.

गळती शोधणारा माणूस असा एका भोकापासून सुरू होऊन सगळ्या ट्रॅक्टरचं आयुष्य वाचतो: तो कुठे चालला, कसा उभा राहिला, त्याला कुणी कसं जोडलं, त्याच्या तेलाकडे कुणी लक्ष दिलं. कागदावर त्याचं शिक्षण काहीही असो, पुरावा पाहून कारणापर्यंत जाण्याची ही पद्धत शास्त्रज्ञाची आहे.

पुन्हा जोडताना

तेलाने भिजलेली प्लेट पेट्रोलने धुऊन किंवा जाळावर धरून पुन्हा बसवण्याची पद्धत अनेक ठिकाणी चालते. पैसे नसताना माणूस दुसरं काय करणार? पण अस्तर सच्छिद्र असतं, खोलवर शोषलेलं तेल तापल्यावर परत वर येतं. शिवाय जुन्या ॲस्बेस्टॉसच्या अस्तराला जाळ दाखवणं आरोग्याला घातक. नवं अस्तर लावून घेणं किंवा प्लेट बदलणं हाच टिकाऊ उपाय. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासायचा, तडे किंवा निळे डाग असतील तर लेथवर पातळ कापून घ्यायचा. प्रेशर प्लेट काढतानाच फ्लायव्हीलवर पंचाने खूण केलेली असेल तर ती जुन्याच जागी बसते आणि तोल बिघडत नाही. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. रिलीज बेरिंग रॉकेलमध्ये बुडवायची नाही, आतलं ग्रीस धुतलं जातं.

प्लेट मध्यावर आणायला जुना इनपुट शाफ्ट किंवा त्याच मापाचा लाकडी दांडा लागतो. बोटं, म्हणजे क्लच दाबणाऱ्या लिव्हर, सगळ्या एकाच उंचीवर आणायच्या, नाहीतर प्लेट तिरकी सुटते आणि गिअर खरखरतो. दोन्ही भाग जवळ आणताना शेवटच्या बोटभर अंतरात बोल्टांनी ओढायचं नाही. फ्लायव्हील हळूच फिरवून खाचा जुळवायच्या आणि मग सांधा हाताच्या ढकलण्याने मिळाला पाहिजे. शेवटी पेडलला साधारण इंचभर मोकळा खेळ ठेवायचा, नेमकं माप त्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेलं असतं. ड्रायव्हरने पेडलवर पाय ठेवून चालवण्याची सवय सोडली नाही तर ही सगळी मेहनत लवकर संपते, हे त्याला तिथेच सांगावं लागतं. काढलेलं जुनं तेल नाल्यात किंवा विहिरीच्या वाटेवर ओतायचं नाही, डब्यात साठवून तेल गोळा करणाऱ्याला द्यायचं. जिथे पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब मांडला गेला, त्या तालुक्यात तरी हे विसरलं जाऊ नये.

ही विद्या नोंदली गेली पाहिजे

नव्या ट्रॅक्टरांची घडण बदलते आहे. ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून उत्सर्जनाचे कडक नियम लागू झाले आणि त्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं. हवेच्या दृष्टीने ते गरजेचं होतं. पण लहान जमिनीच्या शेतकऱ्याकडचा जुना बी-२७५ किंवा मॅसी अजून कामाचा आहे, कारण तो पान्यांनी खोलता येतो आणि तालुक्याच्या गावात दुरुस्त होतो. त्याचं आयुष्य सुट्या भागांइतकंच तो जाणणाऱ्या माणसांवर अवलंबून आहे, आणि ती माणसं आता वयाने वाढली आहेत.

नगर शहरात १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. देशोदेशीचे जुने रणगाडे तिथे जपले आहेत, ते पाहून मुलं यंत्रांच्या प्रेमात पडतात. राहुरीला १९६८ पासून महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, तिथे कृषी अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे. आयटीआयमध्ये मेकॅनिक ट्रॅक्टर हा अभ्यासक्रम आहे. या जिल्ह्यात सगळी साधनं हाताशी आहेत. जुने मिस्त्री वर्षातून काही दिवस आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये बोलवावेत, त्यांना मानाने मानधन द्यावं, एक जुना ट्रॅक्टर त्यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी मधून खोलावा आणि जोडावा. विद्यापीठाने त्यांच्या निदानाच्या पद्धती मराठीत, चित्रांसह लिहून काढाव्यात.

सुरुवात मात्र त्याहून लहान गोष्टीने होऊ शकते, आणि ती प्रत्येक ट्रॅक्टरमालकाच्या हातात आहे. क्लचचं काम झालं की मिस्त्रीकडून बिलाबरोबर चार ओळी लिहून घ्याव्यात: तेल कुठलं होतं, सील कशामुळे गेलं, शाफ्टवर चर होती का आणि तिचं काय केलं, बेरिंग आणि ब्रीदर कसे होते. हा कागद ट्रॅक्टरच्या कागदपत्रांत ठेवावा. ज्याने कारण शोधलं त्याला लिहायला वेळ लागणार नाही, आणि ज्याला लिहावं लागणार हे ठाऊक आहे तो कारण शोधल्याशिवाय ट्रॅक्टर जोडणार नाही. पुढच्या वेळी तो ट्रॅक्टर ज्याच्या हाताखाली येईल, त्याला आधीच्या मिस्त्रीने जिथवर पोचवलं तिथून पुढे काम करता येईल.